चर्च लांब असताना उपवासकाळ आणि वर्षाचे सण मुलांसोबत घरात कसे पाळावेत

ताई, तुमचा प्रश्न मी थोडक्यात पुन्हा मांडते. यजमानांची बदली यावल तालुक्यात झाल्यापासून चर्च लांब पडले आहे आणि दर रविवारी मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) जाणे जमत नाही. घरात चार, आठ आणि बारा वर्षांची तीन मुले आहेत. वसईला माहेरी ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि सण शेजारपाजारच्या ओघात आपोआप घडत असत. इथे आळीत तुमचे एकच कॅथलिक घर असल्याने ते कसे घडवावेत, मुलांना उपवास करायला लावावा का, आणि वर्षातले बाकीचे सण किती व कसे पाळावेत, असे तुम्ही विचारले आहे. मी भुसावळला अनेक वर्षे मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेते आणि रेल्वेतल्या बदल्यांमुळे अशीच अडचण घेऊन येणारी पुष्कळ कुटुंबे पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे मुख्य म्हणणे असे की, मुलांना उपवासकाळ समजतो तो प्रवचनातून नव्हे, तर घरच्या ताटातून. साधा दिवस कोणता आणि सणाचा दिवस कोणता, हा फरक त्यांना जेवताना दिसला पाहिजे. ज्या घरात सण धडपणे साजरे होत नाहीत, त्या घरात उपवासकाळ ही मुलांना नुसती शिक्षा वाटते. आणि ज्या घरात वर्षभर रोजच सणासारखे खाणे चालते, तिथे ईस्टरच्या दिवशी वेगळे काय करावे हेच उरत नाही. म्हणून तुम्ही उपवासकाळाचा आणि सणांचा प्रश्न एकत्र विचारलात, हे योग्यच झाले.

आधी नियम पाहू, कारण त्याविषयी घरोघरी गैरसमज असतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनुसार मांसवर्ज्याचा नियम वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो, आणि उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत. राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस उपवास व मांसवर्ज्य या दोन्हींचे असतात. उपवासाच्या दिवशी एकदा पोटभर जेवायचे आणि आणखी दोनदा थोडे खायचे, पण ते दोन वेळचे थोडे मिळून पूर्ण जेवणाएवढे होऊ द्यायचे नाही, अशी सर्वसाधारण रीत आहे. याचा अर्थ तुमच्या तिन्ही मुलांपैकी एकावरही कोणताच नियम बांधलेला नाही. मात्र त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की, वयामुळे ज्यांना नियम लागू होत नाही अशा मुलांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवला जाईल याची काळजी धर्मगुरूंनी आणि आईवडिलांनी घ्यावी. म्हणजे मुलांना उपाशी ठेवायचे नाही, पण त्यांना बाजूलाही ठेवायचे नाही. चार वर्षांच्या मुलाने जेवण सोडावे असे कुणी सुचवले, तर सरळ नाही म्हणा. मार्चमध्ये आपल्याकडे ऊन तापू लागते आणि शाळेच्या परीक्षाही जवळ आलेल्या असतात, तेव्हा बारा वर्षांच्या मुलानेही पाणी किंवा जेवण सोडू नये असेच माझे मत आहे.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे. उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी, भगर आणि बटाट्याचे वेफर्स, हे मुलांनी शेजारी आणि शाळेच्या डब्यांत पाहिलेले असते. ‘आपल्या उपवासाला साबुदाणा का नाही?’ हा प्रश्न आठ वर्षांचे मूल हमखास विचारते. त्याला नीट उत्तर द्यावे: शेजारच्या काकूंच्या उपवासाला काही धान्ये चालत नाहीत, मोहल्ल्यातल्या मित्राच्या रोजाला दिवसभर पाणीही चालत नाही, आणि आपल्याकडे पथ्य आहे ते किती खायचे याचे आणि मांसाचे; भाकरी, भात, दूध, अंडी, मासे यांना बंदी नाही. २०२६ साली रमजान आणि आपला उपवासकाळ एकाच आठवड्यात सुरू झाले, तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांनी याविषयी जितके प्रश्न विचारले तितके एरवी वर्षभरात विचारत नाहीत. तुलना करू नका असे मुलांना सांगण्यापेक्षा तुलना नीट करायला शिकवणे मला अधिक बरे वाटते. कुणाचा उपवास कडक आणि कुणाचा सोपा, अशी चढाओढ लागू लागली की मात्र विषय थांबवावा.

मुलांनी काय सोडावे, हे त्यांच्यावर लादू नये. पण ‘चॉकलेट सोडले’ एवढ्यावर समाधानही मानू नये. सोडलेल्या गोष्टीचे पुढे काहीतरी झालेले मुलाला दिसले पाहिजे. यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो धान्याचा डबा. राखेच्या बुधवारी एक रिकामा डबा घरच्या वेदीखाली, म्हणजे प्रार्थनेच्या चौरंगाखाली, ठेवावा. रोज संध्याकाळी भाकरीचे पीठ काढण्याआधी धाकट्याने आपल्या मुठीने एक मूठ ज्वारी त्यात टाकावी. मूठ त्याचीच असावी, आईची नव्हे. शुक्रवारी घरात मांस शिजत नाही, तेव्हा त्याचे वाचलेले पैसे मोठ्याने मोजून वेगळ्या पाकिटात घालावेत. चाळीस मुठींचा ढीग काही फार मोठा होत नाही, पण डबा हळूहळू जड होतो आणि मूल तो अधूनमधून उचलून पाहते. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, ते धान्य, त्यात घरची चार किलो भर घालून, गरज असलेल्या एखाद्या घरी मुलांनीच नेऊन द्यावे. पैशांचे पाकीट धर्मग्रामात, म्हणजे आपल्या भागाच्या चर्चमध्ये, द्यावे. कारितास इंडिया या चर्चच्या समाजसेवी संस्थेची भूक आणि रोग यांविरुद्धची मोहीम दरवर्षी याच काळात चालते आणि फादरांकडे तिच्यासाठी रक्कम जमा करता येते.

घरातली मांडणी साधी ठेवा. एका चौरंगावर क्रूस, बायबल, मेणबत्ती आणि खाली जांभळे कापड एवढे पुरे. मागच्या झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आदल्या रविवारची) वाळलेली झावळी क्रुसामागे असेल, तर ती राखेच्या बुधवारच्या आधी चर्चमध्ये पोचवा, कारण त्याच झावळ्या जाळून कपाळावरची राख करतात; हे मुलांना माहीत असले की राख त्यांना परकी वाटत नाही. आशीर्वादित झावळी कचऱ्यात मात्र टाकू नये. उपवासकाळात मिस्सेत ‘आल्लेलुया’ म्हणत नाहीत, म्हणून तो शब्द मुलांनी रंगीत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून एका डब्यात बंद करावा आणि ईस्टरच्या पहाटे बाहेर काढावा. धाकट्यांना हा खेळ फार आवडतो. तो डबा मधेच उघडून पाहिला जातो, त्याकडे दुर्लक्ष करावे.

कणकेचा काटेरी मुकुट अनेकजणी करतात. दोन वाट्या कणीक, एक वाटी बारीक मीठ आणि एक वाटीला थोडे कमी पाणी घेऊन घट्ट मळावे, तीन वळ्यांची वेणी घालून तिचे कडे करावे आणि त्यात चाळीस काड्या खोचाव्यात. बाभळीचे काटे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. निंबाच्या वाळलेल्या बारीक काड्या चांगल्या. आपल्या उन्हात तो दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतो. अर्धवट वाळला की प्रत्येक काडी एकदा फिरवून सैल करून ठेवावी, नाहीतर पुढे ती ओढताना मुकुटच फुटतो. मूल एखादे चांगले काम करील तेव्हा त्याने एक काडी काढायची. यात माझी एकच अट असते: काडी काढताना काम काय केले ते सांगायचे नाही. सांगायचे ठरवले की भावंडांत हिशेब सुरू होतो आणि आठवडाभरात मुकुट भांडणाचे कारण होतो.

शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा प्रसंगांची (स्थानांची) प्रार्थना, घरीच करा. चौदा स्थाने एका बैठकीत चार वर्षांच्या मुलाला झेपत नाहीत. दर शुक्रवारी दोन किंवा तीन स्थाने घेतली तर गुड फ्रायडेपर्यंत चौदाही पूर्ण होतात. प्रत्येक स्थानाचे चित्र मुलांनी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर काढावे आणि दारापासून वेदीपर्यंत भिंतीवर चिकटवत न्यावे. माझा अनुभव असा की मुले पाचव्या आणि सहाव्या स्थानापाशी सर्वाधिक रमतात: शिमोनाला क्रूस उचलायला लावतात ते, आणि व्हेरोनिका येशूचा चेहरा पुसते ते. दोन्ही ठिकाणी मदत करणारे माणूस आहे, म्हणून असेल. तिथे घाई करू नका. बारा वर्षांच्या मुलाला एखाद्या स्थानाची प्रार्थना स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा आणि ती जशी असेल तशी वाचू द्या. तिच्यातले शुद्धलेखन तपासत बसू नका.

होळी आणि धुळवड उपवासकाळातच येतात आणि मुलांना रंग खेळू द्यावा की नाही, हे मला दरवर्षी विचारले जाते. खेळू द्यावा. हा काळ पश्चात्तापाचा आहे, सुतकाचा नव्हे. शेजारून पुरणपोळीचे ताट आले, तर मुलाने गोड सोडलेले असले तरी ती आनंदाने खावी. दुसऱ्याने प्रेमाने दिलेले नाकारण्यापेक्षा ते स्वीकारणे चांगले, आणि वाटलेच तर दुसऱ्या दिवशी भरपाई करावी. मांसाचे ताट मात्र शुक्रवारी आले, तर ‘आज शुक्रवार आहे, उद्या खाऊ’ असे मोकळेपणाने सांगावे. आपल्याकडे शेजाऱ्यांना वारांचे पथ्य समजावून सांगावे लागत नाही.

उपवासकाळाच्या पोटातही सण आहेत आणि नेमके तेच आपण विसरतो. रविवार उपवासाच्या चाळीस दिवसांत धरलेले नाहीत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत शेहेचाळीस दिवस होतात, त्यातून सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. मुलांना हे गणित स्वतः करू द्या. चौथ्या रविवारी मिस्सेत गुलाबी वस्त्रे वापरता येतात. त्या दिवशी वेदीवर गुलाबी फूल ठेवा आणि काहीतरी गोड करा. १९ मार्चला संत योसेफांचा सोहळा असतो आणि २५ मार्चला, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी, गब्रिएल देवदूताने मारियेला निरोप दिला त्याचा सोहळा असतो. हे दोन दिवस पूर्ण सणाचे आहेत. जांभळे कापड काढून पांढरे घाला, शेवभाजी किंवा वरणबट्टी करा, मुलांच्या मित्रांना जेवायला बोलवा. उपवासकाळ चालू आहे म्हणून या दिवशी हात आखडता घेऊ नका.

आता पवित्र आठवडा. आपल्याकडे नारळाच्या झावळ्या सहज मिळत नाहीत, पण शिंदी (रानखजूर) नदीनाल्याच्या काठी मिळते आणि तिची पाती क्रूस विणायला नारळाच्या पातीपेक्षा सोपी असतात. टोके अणकुचीदार असतात, ती आधी कात्रीने छाटून घ्यावीत. चर्चला जाणे जमणार असेल तर या आठवड्यातले गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारची रात्र हे तीन विधी धरा. वर्षात प्रवासाचे पैसे एकदाच खर्च करता येणार असतील, तर ते इथे करा.

गुरुवारी जाता आले नाही, तर घरी पाय धुण्याचा विधी करता येतो. परात, तांब्या आणि धुतलेला पंचा एवढेच साहित्य लागते. आधी योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचावा आणि मग वडिलांनी जमिनीवर बसून एकेका मुलाचे पाय धुवून पुसावेत. आपल्याकडे पाय धुतात ते वडीलधाऱ्यांचे, म्हणून मुले आधी गोंधळतात. धाकटे खिदळते, त्याला खिदळू द्यावे. मोठा मुलगा बहुधा संकोचाने पाय मागे घेईल आणि ‘माझे नको’ म्हणेल. येशूचा शिष्य पेत्रही तेच म्हणाला होता, हे त्याला तिथेच सांगावे, त्यासाठी वेगळ्या शिकवणीची गरज नाही. शेवटी आईने वडिलांचे आणि वडिलांनी आईचे पाय धुवावेत. मुले हा भाग विसरत नाहीत.

त्याच रात्री मुलांना गच्चीवर न्या. उन्हाळ्यात अनेक घरे तशीही गच्चीवरच झोपतात. ईस्टरची तारीख २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेवर ठरते. त्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे पवित्र गुरुवारी चंद्र पौर्णिमेच्या जवळपासचाच असतो, फार तर चार-पाच दिवस मागेपुढे. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी चैत्राची असते आणि क्वचित फाल्गुनाची. २०२६ साली पवित्र गुरुवार आणि हनुमान जयंती एकाच दिवशी, २ एप्रिलला होती. गेथसेमनीच्या बागेत शिष्य झोपले आणि येशू एकटा प्रार्थना करीत राहिला, ती रात्रही याच दिवसांतली, चांदण्याची. पंधरा मिनिटे न बोलता बसा. तेवढे आठ वर्षांच्या मुलाला जमते.

गुड फ्रायडेला मिस्सा नसते. दुपारी तीनच्या सुमारास दुःखसहनाचा विधी होतो. जाता आले नाही तर त्याच वेळी घरी योहानाकडून दुःखसहनाचा वृत्तान्त भूमिका वाटून वाचा. जेवण कळण्याची भाकरी, कांदा आणि ठेचा; धाकट्याला भाकरी-दूध. दूरदर्शन आणि मोबाइल दिवसभर बंद, आणि हा नियम मोठ्यांनाही.

शनिवारी मुले घरात भिरभिरत असतात, त्यांना अंडी रंगवायला द्या. कांद्याची कोरडी साले आठवडाभर जमवून ठेवावीत. दोन-तीन मुठी साले पाण्यात उकळून त्यात चमचाभर व्हिनेगर घालावे आणि त्या पाण्यात अंडी दहा-बारा मिनिटे उकडून तशीच गार होऊ द्यावीत. गडद विटकरी रंग येतो. उकडण्याआधी अंड्यावर कोथिंबिरीचे ओले पान चिकटवून वर जुन्या पायमोज्याचा तुकडा घट्ट बांधला, तर पानाचा फिकट ठसा उमटतो. विकतच्या साखरेच्या अंड्यांना माझी हरकत नाही, पण उन्हात ती चिकट होतात. रात्रीच्या जागरणविधीला मोठ्याला तरी न्याच. बाहेर पेटवलेला नवा अग्नी आणि अंधाऱ्या चर्चमध्ये एकेक करून लागणाऱ्या मेणबत्त्या त्याला दुसऱ्या कशातून समजणार नाहीत. येताना आशीर्वादित पाण्याची बाटली आणा आणि सकाळी मुलांकडून प्रत्येक खोलीत शिंपडून घ्या.

ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा, म्हणजे उपवासापेक्षा लांब असतो, पण बहुतेक घरांत तो सोमवारी संपतो. उपवासकाळात आपण जेवढी शिस्त दाखवतो, तेवढीच सणातही दाखवावी, असा माझा आग्रह आहे. पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे या पन्नासाव्या दिवसापर्यंत, दर रविवारी वेदीवर पांढरे कापड आणि ताजी फुले असावीत, जेवणात काहीतरी विशेष असावे आणि प्रार्थनेत ‘आल्लेलुया’ असावा. याच दिवसांत आखाजी (अक्षय्य तृतीया) येते. शेजारून सांजोऱ्या आणि खापरावरच्या पुरणपोळ्या येतात, तेव्हा आपल्या घरूनही ताट गेले पाहिजे. होळीला आपण घेतले होते, आता देण्याची पाळी आपली आहे.

वर्षातले बाकीचे सण थोडेच निवडा. रोज एक संत असतो, तो प्रत्येक पाळायला गेलात तर दोन महिन्यांत दमाल. तुम्ही वसईच्या आहात, म्हणून ६ फेब्रुवारी, संत गोन्सालो गार्सिया यांचा सण, जरूर धरा. त्यांचा जन्म वसईचा. १५९७ साली नागासाकीला त्यांना क्रुसावर मारले आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले. आजोळच्या गावचा माणूस संत झाला, हे मुलांना चित्रातल्या कुठल्याही परदेशी संतापेक्षा जवळचे वाटते. १ मे हा कामगार संत योसेफांचा दिवस आणि सुट्टीही असते. भुसावळला काही रेल्वे कुटुंबे त्या दिवशी पान्हा, हातोडी, शिवणकामाची कात्री वेदीपाशी ठेवून त्या वापरणाऱ्या हातांसाठी प्रार्थना करतात. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर मारिया मातेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा किंवा घरी रोझरी. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मारिया मातेच्या) यात्रेला एखाद्या वर्षी मुलांना घेऊन जा. आपण एकटे नाही, हे त्यांना तिथल्या गर्दीतच कळेल. २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण. वसईला कबरींवर जाता आले नाही तर आजी-आजोबांचे फोटो मांडून मेणबत्त्या लावा आणि प्रत्येकाविषयी एक गोष्ट सांगा. शिवाय प्रत्येक मुलाचा बाप्तिस्म्याचा दिवस. त्या दिवशी स्वयंपाक काय करायचा ते त्या मुलाने ठरवावे.

हे सगळे लक्षात ठेवण्याचे काम बारा वर्षांच्या मुलाकडे सोपवा. त्याला एका मोठ्या कागदावर वर्षाचे कॅलेंडर आखू द्या आणि काळाप्रमाणे चौकटी रंगवू द्या. २०२७ हे वर्ष सुरुवातीला चांगले आहे, कारण त्यात कोडी आहेत. राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि ईस्टर २८ मार्चला आहे, त्यामुळे होळीची पौर्णिमा थेट पवित्र आठवड्यात येते. १९ मार्च शुक्रवारी येतो. शुक्रवारी सोहळा, म्हणजे सर्वांत मोठ्या दर्जाचा सण, आला तर मांसवर्ज्य लागू होत नाही, म्हणून त्या दिवशी घरात मटण शिजू शकते. २५ मार्चला पवित्र गुरुवार येतो, म्हणून देवदूताच्या निरोपाचा सोहळा त्या दिवशी न होता सोमवारी, ५ एप्रिलला होईल. ही तिन्ही उत्तरे त्याला आधी सांगू नका. चौकट रंगवताना तो अडेल आणि स्वतःच विचारायला येईल.